शेजारी उभा असलेला तिसरा

दि. ४ फेब्रुवारी

ती. काकांस,
साष्टांग नमस्कार.

फोन केला तर तुम्ही म्हणणार, फोनवर माणूस वाक्य अर्धवट सोडतो. म्हणून पत्र. चुका निघतील तेवढ्या काढा, मी तयारीत आहे.

आमच्या प्रकाशनसंस्थेने न्यायालयातल्या अनुवादकांसाठी एक छोटा कोश काढायचं ठरवलंय. त्यातला एक भाग माझ्या गळ्यात पडला आहे. माणूस एखाद्या गोष्टीची ग्वाही देतो, हमी घेतो, खात्री पटवतो, तेव्हा इंग्रजीत जे शब्द वापरतो ते सगळे. अर्थ तर हवाच, शिवाय शब्द कुठून आला तेही चार ओळींत हवं. संपादक म्हणाले, "तुमचे काका बत्तीस वर्षं शपथबद्ध अनुवादक होते ना? मग आम्ही कशाला डोकं खाजवायचं?" तेव्हा पहिल्या हप्त्यात 'शुअर' आणि त्याचं गोत, 'गॅरंटी' आणि 'वॉरंट' एवढं पाठवा.

आईचं सांगायचं तर पडल्यापासून ती उठलेलीच नाही. तिचा पलंग आता पुढच्या खोलीत, दारासमोर लावला आहे. डोकं लख्ख आहे. दूध उतू गेलं तर मला कळायच्या आत तिला कळतं. पण डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय. किती महिने ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

एक गोष्ट लिहू का नको, असं चाललं होतं. तिने गेल्या आठवड्यात तीनदा मला म्हटलं, "भाऊजींना विचार, त्यांनी त्या दिवशी नक्की पाहिलं होतं ना?" कुठला दिवस ते विचारावं लागलं नाही. बाबांची फेरीबोट धुक्यात बुडाली त्याला चौतीस वर्षं झाली. नवव्या दिवशी मिळालेला देह तुम्ही ओळखलात, कागदावर सही केलीत आणि बंदराच्या फाटकाशी उपाशी बसलेल्या आईला हाताला धरून घरी आणलंत, हे ऐकतच मी मोठी झाले. आता एवढ्या वर्षांनी तिला हे का विचारावंसं वाटतंय, कळत नाही. तिला बरं वाटेल असं एक वाक्य लिहा.

तुमची,
शंकेखोर

*

दि. ९ फेब्रुवारी

चि. शंकेखोर हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रात सहा चुका आहेत. त्यांपैकी दोन घाईच्या आहेत, म्हणून सोडून देतो. उरलेल्या चार पत्राच्या मागे लाल शाईने लिहून तुझे पत्र सोबत परत पाठवीत आहे. कोशाचे काम करणाऱ्या व्यक्तीने याचा राग मानू नये.

आता शब्द. 'शुअर', 'अशुअर', 'एन्शुअर', 'इन्शुअर' ही चौघे एका घरची भावंडे आहेत. मूळ लॅटिन आहे आणि त्याचा अर्थ 'काळजीवाचून' असा होतो. 'सिक्युअर' हा शब्दही त्याच घरचा, फक्त तो सरळ लॅटिनमधून आला आणि इतर फ्रेंचांच्या घरी राहून, झिजून आले. तेव्हा कोणाला 'अशुअर' करणे म्हणजे मूलतः त्याला सत्य सांगणे नव्हे. त्याच्या डोक्यावरची काळजी उतरविणे एवढेच. हा भेद तुझ्या नोंदीत अवश्य यावा. आपले लोक 'आश्वासन देणे' असे लिहून मोकळे होतात.

'गॅरंटी' आणि 'वॉरंट' हे तर एकच शब्द आहेत. जुन्या जर्मानिक बोलींतला राखण करण्याचा अर्थ दोहोंच्या मुळाशी आहे. फ्रेंच भूमीवर एका भागात त्याचा उच्चार एका अक्षराने झाला, दुसऱ्या भागात दुसऱ्या, आणि दोन्ही रूपे वेगवेगळ्या वेळी इंग्रजीत दाखल झाली. ज्या शब्दाने वस्तू टिकण्याची हमी मिळते त्याच्याच सख्ख्या भावाने माणूस पकडून नेतात. राखणदार हा कोणाची राखण करतो यावर सर्व अवलंबून असते.

प्रत्येक नोंद पाठविण्यापूर्वी आमच्या कचेरीची पद्धत पाळ. मूळ प्रत समोर ठेव. दुसऱ्या माणसाला शेजारी उभे करून त्याला मूळ वाचायला लाव, आणि स्वतः आपल्या मजकुरावर ओळीओळीने बोट ठेवून पुढे सरक. मी बत्तीस वर्षांत मूळ पाहिल्याशिवाय शिक्का उचलला नाही. नवे लोक छायाप्रतीवर भागवतात आणि मग तोंडघशी पडतात.

वहिनींना माझा नमस्कार सांग. त्या कागदावरील सही माझीच आहे, असेही सांग.

तुझा,
काका

*

दि. २० फेब्रुवारी

ती. काकांस,
साष्टांग नमस्कार.

नोंदी संपादकांना आवडल्या. "काळजी उतरवणे" वाचून म्हणाले, हा माणूस आपल्याकडे आधी का नाही आला. मी म्हटलं, आला असता तर तुम्ही टिकला नसता.

तुमचा निरोप आईला सांगितला. ती म्हणाली, "सही त्यांची आहे हे मला माहीत आहे. मी सहीचं विचारलं नव्हतं."

काका, आता जे लिहिते ते हसण्यावारी नेऊ नका. दुपारी चारच्या सुमारास आई दाराकडे तोंड करते आणि मला म्हणते, "चहाचं आधण वाढव." पहिल्यांदा मला वाटलं शेजारीण येणार असेल. कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, कोण येतं गं? म्हणाली, "येतो आणि उभा राहतो. बोलत नाही." मी म्हटलं, बाबा? तर लहानपणी मी परीक्षेत नापास झाले होते तेव्हा पाहिलं होतं तसं तिने माझ्याकडे पाहिलं.

मग म्हणाली, "तुझे बाबा कसे यायचे आठवतं का तुला? एक जोडा उंबऱ्याशी, दुसरा दोन पावलं आत. तीस वेळा बोलले असेन, पण जोडी म्हणून लावली नाही कधी. हा जोडे काढतच नाही. दाराखालून वाकून बघतो. परक्या घरी आल्यासारखा, कोणीतरी नाव विचारेल म्हणून थांबल्यासारखा."

आमचं दार सहा फुटांचं आहे. बाबा त्यातून वाकून आल्याचं मला आठवत नाही. फोटोत तर ते आईच्या कानाएवढेच दिसतात.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, तुम्हाला माहीत आहे. पण काल चार वाजता मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तेव्हा पुढच्या खोलीत डिझेलचा वास येत होता, आणि ओल्या लोकरीचा. खिडक्या बंद होत्या.

तिला फक्त एक ओळ हवी आहे, तुमच्या अक्षरात. "मी पाहिलं" एवढीच. म्हणजे ती सुखाने डोळे मिटेल. एवढं कराल ना?

कोशासाठी पुढचा शब्द 'अटेस्ट'.

तुमची,
शंकेखोर

*

दि. २६ फेब्रुवारी

चि. शंकेखोर हिस,
अनेक आशीर्वाद.

या वेळी चुका तीनच. प्रगती आहे.

'अटेस्ट' या शब्दाच्या पोटात साक्षीदारासाठीचा लॅटिन शब्द आहे. त्या शब्दाचेही पोट फाडून पाहणारे विद्वान म्हणतात, की त्याचा मूळ अर्थ 'शेजारी उभा असलेला तिसरा' असा असावा. देणारा एक, घेणारा दुसरा, आणि ज्याला काही द्यायचे नाही, काही घ्यायचे नाही, परंतु जो पाहत असतो तो तिसरा. तो नसेल तर दोघांमध्ये काय झाले याला अर्थ उरत नाही. 'असावा' हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे, तो गाळू नकोस. व्युत्पत्तीत ठामपणा मिरविणारे बहुधा कच्चे असतात.

'सर्टिफाय' त्याहून कष्टाचा आहे. त्याच्या मुळाशी चाळण्याची क्रिया आहे. चाळणीतून सगळे गाळून झाल्यावर जे वर राहिले, ते निश्चित. 'अफर्म' म्हणजे घट्ट करणे, हलते ते हलणार नाही असे करणे. ज्यांना देवाची शपथ घ्यायची नसते त्यांच्यासाठी न्यायालयाने हा शब्द राखून ठेवला आहे. मी स्वतः सेवेत शिरताना शपथ न घेता हाच शब्द उच्चारला होता. तुझा बाप तेव्हा प्रेक्षकांत बसला होता आणि बाहेर आल्यावर म्हणाला, "अरे, तू बोललास तेव्हा खुर्च्यासुद्धा सरळ बसल्या."

वहिनींसाठी सोबतच्या वेगळ्या कागदावर एक वाक्य लिहून पाठवीत आहे. त्यांना वाचून दाखव.

हल्ली माझ्या उजव्या डोळ्याला काही झाले असावे. दुपारी टेबलाशी बसलो की उजव्या खांद्यामागे, जिथे कचेरीत मूळ वाचणारा माणूस उभा राहत असे, तिथे कोणी उभे असल्याचा भास होतो. मान वळविली की काही नसते. कागदावर मात्र सावली पडलेली असते, आणि ती उंच असते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून दृष्टी उत्तम असल्याचे सांगितले. त्यांचे निदान मला पटलेले नाही.

तुझा,
काका

(सोबतचा कागद)
ती. वहिनींस, सदर देहाची ओळख त्या दिवशी माझ्याकडून विहित नमुन्यात लेखी प्रमाणित करण्यात आली होती, हे मी याद्वारे पुनश्च नमूद करतो.

*

दि. ८ मार्च

काका,

तुमचा कागद आईला वाचून दाखवला. तिने तो माझ्या हातातून घेतला, चष्मा लावला आणि परत स्वतः वाचला. मग हसली. महिन्याभरात पहिल्यांदा हसली. म्हणाली, "भाऊजींची कमाल आहे. एवढं लांबलचक वाक्य, आणि पाहिलं हा शब्द कुठेच नाही."

तुम्ही मला सातवीत शिकवलं होतं, की कोणी लपवाछपवी करत असेल तर त्याच्या वाक्यात कर्ता शोधावा. मी शोधला. "माझ्याकडून करण्यात आली." तुम्हीच असं वाक्य कापून टाकायचात आणि समासात लिहायचात, कोणी केले ते सांग.

चारचा पाहुणा आता रोज येतो. परवा मी दाराशी मुद्दाम खुर्ची ठेवली. आई म्हणाली, "बसणार नाही तो. त्याला बसायचं नाहीये." काल मला वाटलं कोणीतरी खोकलं. बाबांचा खोकला मला आठवतो, तो नव्हता.

आडून आडून पुरे. मी तुम्हाला एकच विचारते, आणि उत्तर होय किंवा नाही असं द्या. त्या दिवशी तुम्ही पाहिलं होतं का?

मला शब्द नकोत. कोश थांबला तरी चालेल.

*

दि. २ एप्रिल

चि. शंकेखोर हिस,

नाही.

तुला उत्तर द्यायला पंचवीस दिवस लावले, कारण मूळ प्रत पाहिल्यावाचून मला काही लिहायचे नव्हते. तू म्हणशील, हे शहाणपण चौतीस वर्षांपूर्वी हवे होते. बरोबर म्हणशील.

त्या दिवशी काय घडले ते क्रमाने सांगतो. बंदराच्या शवागारात एक लांब खोली होती, तिला हिरव्या फरश्या होत्या. मधल्या टेबलावर कापडाखाली देह होता. दाराजवळच्या छोट्या टेबलाशी कारकून बसला होता. त्याने मला एक छापील नमुना दिला. नातेवाइकाने देह ओळखल्याचे निवेदन होते ते, इंग्रजीतून कोणीतरी केलेले. अनुवाद भयंकर होता. वाक्याला शेंडा ना बुडखा. माझ्या भावाच्या मृत्यूविषयी असे वाक्य मी सहन करू शकलो नाही. मी कारकुनाला म्हटले, "हे असे चालणार नाही." तो म्हणाला, "साहेब, सही करा नि कापड उचलून बघा, किंवा बघा नि सही करा. मला जेवायला जायचंय." मी खुर्ची ओढून बसलो आणि तो सबंध नमुना नव्याने लिहून काढला. वीस मिनिटे लागली. त्या वीस मिनिटांत मला रडू आले नाही, भीती वाटली नाही, वासही आला नाही. शेवटचे वाक्य असे होते: 'मी हा देह स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला असून तो माझ्या सख्ख्या थोरल्या भावाचा आहे, हे मी प्रतिज्ञेवर सांगतो.' ते वाक्य निर्दोष होते. निर्दोष मजकुराखाली सही करण्याची माझ्या हाताला सवय होती. हाताने ती केली. कारकुनाने शिक्का मारला, कागद घेतला आणि तो जेवायला गेला. मी कापडाकडे पाठ करून बाहेर पडलो. फाटकाशी वहिनी बसल्या होत्या. त्यांनी विचारले, "पाहिलंत?" मी म्हणालो, "चला घरी."

पुढे मी ते वाक्य इतक्या वेळा मनात वाचले, की मी पाहिले होते असे मला खरोखर आठवू लागले. एक चेहराही आठवत असे. गेल्या महिन्यात लक्षात आले, की तो त्याच्या लग्नाच्या फोटोतला चेहरा आहे.

बंदराच्या अभिलेख कक्षात पाच खेपा घातल्यावर फाइल मिळाली. माझ्या निवेदनाच्या मागे दुसरे पान टाचलेले होते. त्या दिवशीही ते टाचलेले असणारच, पण मी उलटले नाही. त्यावर देहाचे वर्णन आहे. उंची पाच फूट अकरा इंच. डाव्या नडगीचे हाड पूर्वी मोडून जुळलेले. अंगात लोकरीचा विणलेला सदरा. तुझ्या बापाची उंची पाच फूट चार होती, त्याचे हाड कधी मोडले नाही, आणि लोकर त्याला टोचत असे.

त्या बोटीवरून दोन माणसे नाहीशी झाली होती, हे तू विसरली असशील. आपण सगळेच विसरलो. इंजिनवाला, म्हणजे तुझा बाप, आणि एक खलाशी. देह एकच सापडला. फाइलमध्ये त्या खलाशाच्या बहिणीचे अर्ज आहेत, एकूण अकरा. पहिल्यात ती लिहिते, की तिचा भाऊ उंच होता, पायाचे हाड लहानपणी मोडले होते, आणि सदरा तिने विणला होता. कचेरीने उत्तर दिले, की सदर देहाची ओळख एका न्यायालयीन अधिकाऱ्याने प्रतिज्ञेवर पटविली असल्याने फेरविचाराचा प्रश्न उद्भवत नाही. ते उत्तर तिच्या भाषेत पाठवायचे होते, म्हणून न्यायालयाच्या अनुवादकाकडे आले. त्याखाली माझा शिक्का आहे. मी ते केले, आणि कोणाविषयी आहे ते मला कळले नाही. मसुद्यात नावे नव्हती, फक्त क्रमांक होता. मूळ मजकूर मी ओळीओळीने पडताळला होता. अनुवाद अचूक आहे.

माझ्या खांद्यामागे कोण उभा राहतो ते आता मला ठाऊक आहे. तुमच्या दारात कोण वाकून पाहतो तेही. त्याच्या थडग्याच्या दगडावर तुझ्या बापाचे नाव आहे, त्याला कोणी हाक मारीत नाही.

वहिनींना हे सर्व वाचून दाखव. काही गाळू नकोस.

काका

*

दि. ९ एप्रिल

ती. काकांस,

वाचून दाखवलं. गाळलं नाही.

आईने डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "मला माहीत होतं."

काका, तिला माहीत होतं. दफनाच्या दिवशी पेटीत ठेवण्यापूर्वी कापड पायाकडून सरकलं होतं. तिने पाय पाहिले. "नवऱ्याचे पाय बायकोला कळत नाहीत होय? लांब होते ते. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा मोठं." मी विचारलं, मग बोलली का नाहीस? तर म्हणते, "काय बोलू? नऊ दिवस त्या फाटकाशी बसले होते. तू पाच वर्षांची, शेजाऱ्यांच्या घरी. भाऊजींनी हात धरून उठवलं नसतं तर मी अजून तिथेच असते. ते खोटे ठरले असते तर मला परत जाऊन बसावं लागलं असतं. त्यांनी माझी काळजी उतरवली, मी ती परत घेतली नाही."

मी चिडले. मी दरवर्षी त्या दगडावर फुलं ठेवते, दहावीचा निकाल तिथे जाऊन मोठ्याने वाचला होता मी, लग्न मोडलं तेव्हा तिथेच रडले. कोणापुढे? ते म्हटलं तिला. ती म्हणाली, "त्यानेही ऐकून घेतलंच की." मग तोंड भिंतीकडे करून म्हणाली, "भाऊजींनी आणि मी मिळून दुसऱ्याचं माणूस ठेवून घेतलं. भाऊजींना लिही, त्याला त्याच्या घरी पोचवा. मी जायच्या आधी. नाहीतर दोघं एकाच दारात भेटू, आणि मी काय तोंड दाखवू?"

मला तुमचा राग आला आहे. तो गेला की कळवीन. पण तोवर तिचं ऐका.

बाबा कुठे आहेत मग, हा प्रश्न मी विचारत नाही. तो तुमच्या टेबलावर ठेवते फक्त.

शंकेखोर

*

दि. ३० एप्रिल

चि. शंकेखोर हिस,
आशीर्वाद देण्याचा अधिकार शिल्लक असेल तर अनेक आशीर्वाद.

बारा तारखेला बंदर कार्यालयात जाऊन पूर्वीचे निवेदन खोटे असल्याचे लिहून दिले. नवा अधिकारी तरुण आणि सभ्य आहे. त्याने विचारले, "आजोबा, हे केल्याने तुमच्यावर खटला होऊ शकतो, माहीत आहे ना?" मी म्हणालो, "मी त्याच खात्यात होतो. खटला झाला तर कागदपत्रांचा अनुवाद चांगल्या माणसाकडे द्या." छापील नमुना त्यानेही पुढे केला. त्यातही तीन चुका होत्या. मी सही केली, चुका तशाच ठेवल्या. मात्र दुसरे पान उलटून पाहिले.

मग त्या बहिणीकडे गेलो. अर्जावरचा पत्ता अजून तोच आहे. दुकानांच्या ओळीत एक अरुंद खोली, तिथे ती कपडे दुरुस्त करते. सत्तरी ओलांडलेली, उंच बाई. दाराखालून वाकूनच बाहेर आली. माझ्या हाती कपडे नाहीत हे पाहून म्हणाली, "काय उसवलंय?"

मी कोण आहे ते सांगितले. चौतीस वर्षांपूर्वी त्या देहाच्या निवेदनाखाली सही करणारा तो मीच, असे म्हणालो.

तिने शिवणयंत्रावरून हात काढला नाही. म्हणाली, "न्यायालयीन अधिकारी."

"होय."

"मला वाटायचं, कोणीतरी फार मोठा माणूस असेल. त्याने एवढं खात्रीने सांगितलं, म्हणजे माझीच नजर फिरली असेल. सदरा कोणाचाही असू शकतो. हाड कोणाचंही मोडतं." मग तिने सुई कापडात टोचून ठेवली आणि विचारले, "तुम्ही पाहिलं होतंत?"

"नाही," मी म्हणालो. "मी कापड उचलले नाही."

"का?"

मी बत्तीस वर्षे इतरांची कारणे एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेली. स्वतःचे एकही सापडले नाही. म्हणालो, "घाबरलो." "एवढंच होतं," ती म्हणाली, "तर चार ओळींत लिहायचं होतंत की. मी अकरा अर्ज लिहिले." मग आत जाऊन तिने माझ्यासाठी स्टूल आणले. मी बसलो नाही. तिने सांगितल्यावर बसलो.

काल दगड बदलला. ती, मी आणि दगडावर अक्षरे कोरणारा, असे तिघेच होतो. त्याने नाव कोरण्यापूर्वी कागद माझ्यापुढे धरला, "साहेब, एकदा तपासून घ्या." मी कागद तिच्याकडे दिला. तिने मोठ्याने वाचला, आणि मी शेजारी उभा राहिलो.

कोशासाठी एक शेवटचा शब्द देतो, तुमच्या यादीत नसला तरी घे. 'आन्सर'. आज आपण त्याचा अर्थ उत्तर असा साधा करतो. जुन्या इंग्रजीत तो शपथेच्या घरचा आहे. कोणी आरोप ठेवला असता, समोर उभे राहून, त्याच्या तोंडावर घेतलेली शपथ, तो आन्सर. हमी देणारे सर्व शब्द मी तुला आधी दिले. हा एक शब्द मला कोणीतरी विचारेपर्यंत सुचला नव्हता.

माझ्या उजव्या खांद्यामागे आता कोणी नसते. मला ती जागा रिकामी वाटते, हेही लिहून ठेवतो.

तुझ्या बापाविषयी मला काही ठाऊक नाही. हे वाक्य लिहिताना तीन वेळा पेन उचलले, कारण त्यात भर घालण्यासारखे काही असेल असे वाटत होते. काही नाही. समुद्राने त्याला परत दिले नाही, आणि मी चौतीस वर्षे तो मिळाल्याचे सांगत आलो, एवढेच खरे आहे.

तुझा,
काका

*

दि. ३ मे

ती. काकांस,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र आज दुपारी आलं. आईला वाचून दाखवलं. बहिणीने स्टूल आणलं तिथे तिने मला थांबवलं आणि परत वाचायला लावलं.

तीस तारखेपासून तो उंच माणूस आलेला नाही. आईनेच सांगितलं, "पोचला." आधण वाढवायलाही सांगितलं नाही. तीन दिवस चार वाजले आणि तसेच गेले. मला बरं वाटलं, आणि तुमच्यासारखंच थोडं रिकामंही.

आज चार वाजता मी स्वयंपाकघरात होते. आईने हाक मारली, पण ती हाक मला नव्हती. ज्या आवाजात तिने आयुष्यभर मला कधीच हाक मारली नाही, त्या आवाजात ती रागावून म्हणाली, "किती वेळा सांगायचं, जोडीने ठेवत जा म्हणून." आणि हसली.

मी बाहेर आले. खोलीत ती एकटीच होती, उशीला टेकून बसलेली. तीन महिन्यांत ती स्वतःहून बसली नव्हती. मला म्हणाली, "दोन कप कर. तुझा तू वेगळा घे."

मी दाराकडे पाहिलं. एकदा उंबऱ्याशी, आणि मग दोन पावलं आत.

काय पाहिलं ते मी लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही चुका काढाल, आणि या वेळी मला त्या नकोत. कोणाची सहीही नको, तिसराही नको. पहिल्या गाडीने निघा आणि स्वतः येऊन पाहा.

मूळ अजून जागेवर आहे. मी हात लावलेला नाही.

तुमची,
शंकेखोर